विलायतेतली तिरडी

ज्या माणसाला स्वतःच्या वावराचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, धड दाखवता येत नव्हता, त्याला विलायत सापडली. कशी सापडली हे त्याला विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो सांगायला बसायचा, अन् एकदा बसला की तुमची दुपार गेली, बैल तहानलेले राहिले आणि घरच्या भाकरी वातड झाल्या असं खुशाल समजावं.

हे आमचे भाऊजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मी त्यांना अहोजाहो करायचो ते अक्काच्या कुंकवाकडे पाहून. मनातल्या मनात काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

धनजला त्यांचं घर. गावाला लागून काळ्या मातीचं वावर, वावरात विहीर, विहिरीला बारमाही पाणी. कापसाची पऱ्हाटी अशी फुटायची की कारंज्याच्या बाजारात गाडी उभी राहायच्या आत व्यापारी धोतर सावरत पुढे यायचे. माणसाला आणखी काय पाहिजे? भाऊजींना पाहिजे होती वाट. कुठलीही चालायची, फक्त ती घरापासून दूर जाणारी हवी. एक घोंगडी, एक तांब्या, एक धोतर आणि चटणीची पुरचुंडी, एवढ्याची वळकटी करून ते ती पाठीवर सुतळीनं आवळून बांधायचे. कारंज्याला बाजाराला जायचं तरी वळकटी. वावरात जायचं तरी वळकटी. मी एकदा विचारलं, "भाऊजी, वावर तं इथून दिसते. वळकटी कायले?"

"रस्त्यात मन झालं तं?" ते म्हणाले.

आणि त्यांचं मन नेमकं पेरणीच्या तोंडावर व्हायचं. वेचणीच्या दिवसांत व्हायचं. कापूस विकून झाला, घरात पुरणपोळी शिजली, की मग बरोबर परत यायचं. हा योगायोग मला फार उशिरा कळला, कारण मी तेव्हा मूर्ख होतो आणि अक्काचा भाऊ होतो.

सुरुवातीला जत्रांवर भागलं. मग नाशिक झालं, काशी झाली. एका साली मृगाच्या आधी ते मूर्तिजापूरची लहान गाडी धरून गेले ते थेट मुंबईला, आणि तिथून बोटीवर भांडी घासायच्या कामाला लागले. घरी जेवल्यावर ज्यानं कधी स्वतःचं ताट सरकवलं नाही, त्यानं अख्खा समुद्र संपेपर्यंत साहेबांची खरकटी घासली. घरी अक्काच्या मांडीवर रांगती पोर होती. अक्का आठवडाभर रडली. मग तिनं डोळे पुसले, कासोटा खोवला आणि औताला बैल जुंपले. मी माझी पेरणी मागे ठेवून तिची पेरणी करायला जायचो, आणि माझी बायको मला त्याबद्दल वर्षभर ऐकवायची. बायकोचं चुकत नव्हतं. तिच्या नणंदेचा नवरा फिरायला गेला होता, तिचा नव्हता.

परत आले तेव्हा पोर परकर नेसायला लागली होती. दारात दाढीवाला माणूस पाहून ती आत पळाली आणि म्हणाली, "माय, कोनी गोसाई आला वो." अक्का बाहेर आली. एवढ्या वर्षांनी नवरा दारात उभा. आता हा माणूस काय बोलेल? बायको कशी आहे, पोर केवढी झाली, वावर राहिलं की गेलं? छे! छाती पुढे काढून म्हणाले, "म्या बायस्कोपात काम केलं."

अक्कानं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "वावरात बी काम हाय," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

आता ती बायस्कोपाची गोठ सांगूनच टाकतो. गोष्टीला आमच्याकडे गोठ म्हणतात. धनजमध्ये ती ऐकली नाही असा माणूस नव्हता, आणि खरी मानली असाही माणूस नव्हता. मी तर भाऊजींना तोंडावर थापाड्या म्हणायचो.

झालं असं, म्हणजे ते म्हणायचे असं, की बोट विलायतेला बंदरात दुरुस्तीला थांबली. बाकीचे खलाशी कोठडीत पत्ते कुटत बसले. भाऊजी पाठीला वळकटी बांधून गाव पाहायला निघाले. लंडन त्यांच्या मते कारंज्यापेक्षा मोठं होतं, पण चिखल तोच. चालता चालता एक मोटार येऊन थांबली. आतून एक जाडजूड साहेब उतरला. त्यानं भाऊजींचा फेटा पाहिला, मिशा पाहिल्या, मागे जाऊन वळकटी पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. भाऊजींना वाटलं पकडलं. "म्या हात जोडले. म्हनलं, सायेब, म्या सत्याग्रहवाला नाई. म्या कास्तकार हावो." आयुष्यात स्वतःला कास्तकार म्हणवून घेतल्याची ही एकच वेळ.

मोटारीनं त्यांना एका भल्यामोठ्या टिनाच्या शेडात नेलं. आपल्या कापसाच्या जिनासारखं शेड, पण आत सरकीच्या जागी राजवाडा. सारा फळ्यांचा. हत्ती होता, तोही फक्त पुढून. मागून त्याला बांबू लावले होते. हिंदुस्थानातल्या कुठल्याशा राजाची गोष्ट चालली होती आणि साहेबाला काळी माणसं कमी पडत होती. बंदरावरचे आणखी बरेच खलाशी आणून उभे केले होते. भाऊजींना काम दिलं ते असं, की बाजाराच्या गर्दीतून वळकटी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. भाऊजी चालले. टोक आलं, तरी चालले. शेडाच्या मागच्या दारातून बाहेर पडून पार रस्त्याला लागले. साहेबाची माणसं धावत गेली आणि त्यांना धरून आणलं. एवढा भाग मात्र मला नेहमीच खरा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी राजाचा म्हातारा प्रधान मरायचा होता. प्रधान झालेला गोरा जिवंत होता तोपर्यंत झकास बोलला, पण त्याला पडसं झालं आणि मेल्यावर तो शिंकायला लागला. दोनतीनदा मुडदा शिंकला. साहेब वैतागला. तोंड फुलांनी झाकलेलंच होतं, तेव्हा कोणालाही निजवा म्हणाला. हिंदू खलाशांनी राम राम म्हणत अंग चोरलं. मुसलमान खलाशी तौबा तौबा करत मागे सरकले. जित्या माणसानं तिरडीवर निजायचं? पैसे दुप्पट देतो म्हटलं तरी कोणी पुढे येईना. भाऊजींनी फक्त एक विचारलं, "झोपाचं हाय ना नुसतं?"

"झोपाचं."

"मंग सरका."

अहो, असलं काम त्यांना हिंदुस्थानात मिळत नव्हतं म्हणूनच तर ते एवढे फिरले!

पण इथं त्यांच्यातला गावकरी जागा झाला. गोऱ्यांनी तिरडी म्हणून चार पायांचा सोनेरी पलंग आणला होता. भाऊजी उठून बसले. "याच्यावर मेलं तं मानूस भूत व्हते," म्हणाले. त्यांनी बांबू मागवले, सुतळी मागवली आणि आपल्या हातानं तिरडी बांधली. ज्या माणसानं घरच्या गोठ्याचा मोडका आडणा कधी बांधला नाही त्यानं, बरं का. मग गवत आंथरवलं. पांढरं कापड मागितलं. मडकं कुठं आहे, मडक्यात विस्तव कुठं आहे, मडकं धरणारा पुढे चालला पाहिजे. गळ्यातल्या माळेचा तुळशीचा मणी काढून स्वतःच्या तोंडात ठेवला, वर दोन थेंब पाणी घालायला लावलं. आणि एवढं सगळं करून तिरडी उचलली, निम्म्या वाटेला गेली, तर मुडदाच ओरडला, "इसावा! अबे, इसावा राह्यला!" आमच्याकडे मसणवट्याच्या वाटेवर तिरडी खाली ठेवून खांदे बदलतात, तो विसावा. गोऱ्यांना काय ठाऊक? सगळं पुन्हा करावं लागलं. भाऊजी म्हणायचे, साहेबानं डोक्यावरची टोपी काढून त्यांना सलाम केला. मी म्हणायचो, डोकं धरलं असेल.

प्रधानाची बायको झालेल्या मडमेच्या हातावर दगडानं बांगड्या फोडल्या, तेही भाऊजींच्याच सांगण्यावरून. "ओक्साबोक्शी रडली बिचारी," हे ते अक्काच्या देखत सांगायचे. अक्का शेंगा फोडत असायची. शेंगा आणखी जोरानं फुटायच्या.

परत आल्यावर या माणसानं कोणतं काम केलं म्हणता? मरायचं. घरात कापसाचा ढीग पडला की त्यावर हात छातीशी घेऊन निजायचे, श्वास धरायचे आणि माश्या अंगावर बसू द्यायचे. एकदा शेजारीण ताक मागायला आली ती किंकाळी फोडून पळाली आणि गल्ली गोळा झाली. अक्का झाडायचा फडा घेऊन आली, "उठा, खालची सरकी झाडाची हाय," म्हणाली. भाऊजी डोळे न उघडता म्हणाले, "हाललं का गेलं." मुडदा हलला की चित्र वाया गेलं, हे त्यांचं ब्रीद होतं. मुलं पारावर खेळत असली तरी त्यांना उभं करून सांगायचे, हाललं का गेलं. आणखी एक वचन होतं. "जित्याले बोलाव लागते, मेल्याले नुसतं दिसाव लागते." यात काय अर्थ होता देव जाणे, पण म्हणताना डोळे मिटायचे.

बरं, स्वतः मरावं न् गप्प राहावं. तर तेही नाही. गावात कोणी गेलं की हे हजर. रडायला नव्हे, पाहायला. पाटलांची म्हातारी आई गेली तेव्हा अंगणात तिला आंघोळ घालून ठेवली होती, लेकी गळ्यात पडून रडत होत्या, आणि भाऊजी वाकून म्हणाले, "इचं तोंड इकडं करा. उजेड इकडून येऊन राह्यला." पाटलांच्या थोरल्या लेकानं त्यांना मसणवट्याच्या वाटेपर्यंत पिटाळलं. दुसऱ्या दिवशी पाटलाच्या घरी जाऊन हात कोणी जोडले? मी. मेहुण्यानं विलायतेला मान कमवावा आणि धनजमध्ये साळ्यानं तो फेडावा, असा आमचा संसार होता.

तर असं हे रत्न. त्यांची पोर, म्हणजे माझी भाची, मात्र आईवर गेली होती. हाताला चपळ, बोलायला कमी. तिला रिठदचं स्थळ आलं. खातंपितं घर, मुलगा शेतीत राबणारा, घर सोडून कुठं न जाणारा. अक्कानं मला बाजूला घेऊन विचारलं ते एवढंच, "पोट्ट्याले फिराचा नाद तं नाई ना?" नव्हता. साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. रिठदच्या व्याह्यानं पोरीला लुगडं घातलं, पेढे वाटले. आठ दिवस अक्का गुणगुणत होती. मी तिला लहानपणापासून ओळखतो. ती गुणगुणते हे मला माहीत नव्हतं.

आणि लग्नाला पंधरवडा राहिला असताना एका सकाळी व्याही दमणीला बैल जुंपून धनजला आले. संगं गावचे दोन वडीलधारे. अक्कानं मला निरोप पाठवला, मी धावत गेलो. ओसरीवर सतरंजी घातलेली. अक्कानं पाणी पाठवलं. व्याह्यानं तांब्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"पानी नाई पेत. सुतक हाय."

"कोनाचं वो?" मी घाबरून विचारलं.

"तुमच्याच घरचं," व्याही म्हणाले आणि भाऊजींकडे बोट केलं. "याइचं."

मग त्यांनी सांगितलं. कोर्टाच्या कामाला ते अकोल्याला गेले होते. पुढची तारीख पडली, दिवस मोकळा सापडला, म्हणून तंबूतला बायस्कोप पाहायला बसले. विलायतेचा होता. राजवाडा, हत्ती, बाजार. मग एक म्हातारा मेला. तिरडी निघाली. तोंड फुलांखाली होतं, पण पाय उघडे होते, आणि ते पाय पडद्यावर दमणीच्या चाकाएवढाले दिसले. डाव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा. बैलाच्या खुराखाली सापडून भाऊजींचा वाकडा झाला आहे अगदी तसाच. साक्षगंधाच्या दिवशी, वयानं मोठे म्हणून, व्याह्यानं पायांना हात लावला होता, तेव्हा तो अंगठा त्यांनी जवळून पाहिला होता.

म्हणजे थाप नव्हती? इतकी वर्षं हा माणूस खरं बोलत होता?

भाऊजी उठले. व्याह्याला त्यांनी मिठी मारली. ओसरीवरून उडी टाकून गल्लीत गेले आणि हात वर करून ओरडले, "या रे, या! इवाईनं पाह्यलं! अकोल्यात पाह्यलं! इचारा इवाईले!" माणसं जमली. भाऊजी रडत होते. खरंच रडत होते, मिशा ओल्या झाल्या होत्या. मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "काय साळेबुवा? आयकलं काय आता?" मी मान खाली घातली. दुसरं काय करणार?

व्याही मात्र हसत नव्हते. गल्ली शांत झाल्यावर म्हणाले, "माही एकच गोठ हाय. तिरडी निघाल्या मानसाच्या हातानं कन्यादान कसं घेऊ? माह्या लेकाच्या संसाराले काही झालं तं?"

मी हसण्यावारी नेलं. नाटक होतं म्हणालो. व्याही म्हणाले, मला काय कळते, महाराजाला विचारा. महाराज, म्हणजे गावचे जोशी. त्यांना बोलावलं. मला वाटलं, महाराज शिकलेले आहेत, एका वाक्यात मिटवतील. महाराजांचीही तीच इच्छा होती. ते भाऊजींना म्हणाले, "अहो, गोऱ्यांनी केलेलं ते काय खरं क्रियाकर्म असते? काहीतरी खाट घेतली असेल."

"खाट?" भाऊजी तडकले. "कळकाची तिरडी व्हती महाराज. म्या सोता बांधली. आवळून."

"बरं. पण मडकं वगैरे..."

"इस्तवासगट. मोहरं."

"तोंडात तुळस तरी नसेल. तिकडे कुठली तुळस?"

"माह्या माळेचा मनी व्हता ना! वरतून पानी."

मी भाऊजींच्या धोतराला मागून ओढत होतो. महाराज डोळ्यांनी खुणावत होते, म्हणा, म्हणा काहीतरी राहिलं. पण या माणसाच्या तोंडून एक उणं शब्द निघेल तर शपथ! विसावा? केला. बायकोच्या बांगड्या? फोडल्या. जितका प्रश्न विचारावा तितकी छाती फुगायची आणि तितके ते जास्त मेलेले ठरायचे. शेवटी महाराज म्हणाले, "पण अग्नी? अग्नी तर दिला नाही ना? तुम्ही इथं बसलात."

"मले कसा देतीन?" भाऊजी म्हणाले. महाराजांनी सुटकेचा श्वास टाकला. "चिता पेटवाच्या टायमाले मले उतरवलं अन् माह्या जागी गवताचं बाहुलं ठेवलं. त्याले देल्ला. पोराचं सोंग घेतलेल्या सायबानं देल्ला."

महाराजांनी कपाळाला हात लावला. परदेशात मेलेल्याचा देह सापडला नाही तर गवतापानाचं बाहुलं करून त्यालाच अग्नी देतात. शास्त्रच आहे ते. गोऱ्यांनी नकळत फारसं काही उणं ठेवलं नव्हतं, आणि जे उणं होतं ते आमच्या भाऊजींनी दुरुस्त करून घेतलं होतं. सांगा आता! सगळ्या विलायतेत शास्त्राप्रमाणे मेलेला हा एकच माणूस, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या पदरात.

आत भाची उंबऱ्याआड उभी होती. साक्षगंधाचं लुगडं तिनं त्या दिवशी घडी मोडून नेसलं होतं. सोयरीक मोडली तर पंचक्रोशीत काय सांगायचं? बाप जिवंत की मेला हे ठरत नाही म्हणून मोडली? त्या घरची मुलगी मग कोण करणार?

महाराजांनी शेवटचा उपाय काढला. भला माणूस होता. म्हणाले, "हे पाहा, पडद्यावर तोंड दिसलं नाही. नुसता एक पाय दिसला. तुम्ही एवढंच म्हणा की तो पाय माझा नाही. संपलं."

व्याहीसुद्धा म्हणाले, "म्हना बुवा. म्या मानतो."

भाऊजींनी डावा पाय लांब केला आणि सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर ठेवला. "हा पाय माहा नाई तं कोनाचा? इतल्या वर्सानं एक मानूस भेटला पाहनारा, अन् म्या नाई म्हनू?"

तेव्हा मला वाटलं, उठावं आणि याला खरोखरच तिरडीवर बांधावं. स्वतःची पोर आत रडते आहे आणि हा अंगठा दाखवत बसला आहे!

राहिला दुसरा मार्ग. मेलेला म्हणून क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याचा पुन्हा जन्म करतात. पाळण्यात घालून बारसं, कान टोचणं, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. तेवढं आठवड्यात उरकलं तर कन्यादानाला हरकत नाही, महाराज म्हणाले. व्याही तयार झाले. आणि भाऊजी? ते खुलले! उठून ओसरी पावलांनी मोजायला लागले. "पाळना इथं टांगा. उजेड इकडून येते. बाया तिकडून येऊ द्या, मांगच्या बी दिसल्या पायजे." पन्नाशीला टेकलेला माणूस, त्याला पाळण्याची हौस आली होती.

तेव्हा अक्का बाहेर आली. हात पिठाचे होते, पदर नीट होता. चारचौघांत ती कधी बोलत नसे.

"महाराज, बारसं करा. पाळना म्या देतो, पोरीचा हाय माळ्यावर. पन लगन म्या करत नाई."

"अहो, नुसता विधी आहे बाई," महाराज म्हणाले. "त्याशिवाय तुमचं सवाष्णपण..."

"पह्यल्या लगनाच्या टायमाले मले कोनी इचारलं नव्हतं. बापानं देल्लं, म्या आली. आता तुमी इचारून राह्यले. मंग आयका. नाई." तिचा आवाज चढला नव्हता. "अन् पाळन्यातल्या लेकराशी कोन लगन लावते? मोठा होऊ द्या त्याले. वावरात जाऊ द्या. मंग पाहू."

कोणी हसलं नाही. व्याही म्हणाले, "बाई, पोरीचा इचार करा."

"तिचाच करत आली इतले वर्सं," अक्का म्हणाली. "तिच्यासाठी औत हाकलं, तिच्यासाठी लोकाइचं आयकलं. जे सांगान थे करतो. पन ज्यानं मले सोडून देल्लं त्याच्या गळ्यात आपल्या हातानं दुसऱ्या डाव माळ घालनं, हे माह्याच्यानं होत नाई. होतच नाई, भाऊ."

शेवटचं ती माझ्याकडे पाहून म्हणाली. आतून पोरीचा हुंदका आला. अक्कानं तो ऐकला, पण ती मागे वळली नाही. व्याह्यानं एक उसासा टाकला, फेटा सावरला, उठले आणि जोडे शोधायला खाली वाकले. मी हात जोडून पुढे झालो, पण माझी बहीण खोटं बोलत नव्हती.

भाऊजी ओसरीच्या कडेला तसेच उभे होते. मघाचं तेज उतरलं होतं. ते अक्काकडे पाहत होते. मला वाटतं, परत आल्यापासून त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते तेव्हाच.

"थांबा इवाई," ते म्हणाले.

व्याही थांबले.

"थो पाय माहा नाई."

"काय म्हन्ता?"

"म्या लंडनात उतरलोच नाई. बोटीच्या पोटात भांडे घासत बसलो व्हतो. दुसऱ्या खलाश्यानं थे काम केलं, त्यानं सांगतलं, अन् म्या आपल्या नावावर खपवलं." ते खाली बसले आणि डावा पाय धोतराखाली घेतला. "गावात दुसरं सांगासारखं काय व्हतं माह्यापाशी?"

"अन् अंगठा?"

"वाकडे अंगठे काय कमी हायेत दुनियेत?"

व्याही शहाणा माणूस. म्हणाले, "पोरीच्या गळ्याची आन घ्या."

भाऊजी दचकले. "तिची नाई घेत," ते पटकन म्हणाले. "माही घेतो. खोटं बोलत असन तं आठ दिवसात माही तिरडी निघन."

महाराज घाईनं म्हणाले, झालं, झालं, आता पाणी घ्या. व्याह्यानं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायले. सकाळपासून तहानलेले होते बिचारे. गल्लीत जमलेली माणसं आधी एकमेकांकडे पाहत राहिली, मग एक जण फिसकन हसला आणि मग सगळी गल्ली हसली. थापाड्या रे थापाड्या! आमाले मालूमच व्हतं! पाटलांचा थोरला तर पोट धरून बसला. भाऊजीही हसले. त्यांच्यात बसून, त्यांच्यासारखेच, मान हलवत.

हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी वर्षानुवर्षं टपून होतो. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसणाऱ्यांच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि तेही जमलं नाही, कारण पोरीचं लग्न त्या हसण्यावरच उभं होतं.

लग्न झालं. कन्यादानाला भाऊजी अक्काशेजारी बसले, पाण्याची धार धरताना हात हलला नाही. त्याआधी, शपथेनंतरचे आठ दिवस, अक्का त्यांच्याकडे चोरून पाहत होती. तिरडी वगैरे काही निघाली नाही. पोर रिठदला गेली. मांडव उतरवला त्या दुपारी ओसरीवर आम्ही तिघंच होतो. सोयरे गेले होते, गल्ली झोपली होती. भाऊजी भिंतीला टेकून सुपारी कातरत होते. त्या शपथेच्या दिवसापासून त्यांनी बायस्कोपाचं नाव काढलं नव्हतं, आणि पारावरच्या पोरांनी चिडवलं तरी, कायचा बायस्कोप, म्हणून पुढे चालू लागायचे.

अक्का आतून आली. भाकरीचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि तिथंच, त्यांच्यासमोर खाली बसली. इतक्या वर्षांत तिनं त्यांची ती गोठ एकदाही पुरी ऐकून घेतली नव्हती. तिनं मला खूण केली. मी उठून दार लोटलं.

"आता कोनी नाई," ती म्हणाली. "सांगा मले. कसे मेले व्हते तुमी?"

भाऊजींनी अडकित्ता खाली ठेवला. तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग तिच्याकडे. मी मनातल्या मनात म्हणत होतो, सांगा हो, एकदा सांगाच. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"म्या कुठं?" ते म्हणाले. "थो दुसराच कोनी व्हता." तुकडा त्यांनी बराच वेळ हातातच धरला. "पन मेला मातर लय चांगला, बिचारा."